विद्युत्, चुंबक आणि अनंत ब्रह्मांडे

आरतीनंतर भगवंताचा जयघोष करताना 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' हे बिरुद आपण कितीदा तरी उच्चारतो. जिभेला ते इतके सवयीचे झाले आहे की, त्यातील एकेका शब्दापाशी थांबावे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ब्रह्मांड एक नव्हे, शंभर नव्हेत, कोटीही नव्हेत, अनंत कोटी! आपली पृथ्वी, तिच्यावरील समुद्र व पर्वत, सूर्य, चंद्र आणि डोळ्यांना दिसणारे सारे तारे ज्याच्या एका कोपऱ्यात सामावतात ते एक ब्रह्मांड. आणि अशी असंख्य.

अलीकडे नियतकालिकांतून असे वाचावयास मिळते की, विश्व एकच नसून अनेक असावीत, असा तर्क काही भौतिकशास्त्रज्ञही मांडू लागले आहेत. ते वाचताच पुष्कळ भाविकांस धन्यता वाटते. "आमच्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वी सांगून ठेवले, तेच आता प्रयोगशाळेत सिद्ध झाले," असे उद्गार प्रवचनांतून व घरच्या बैठकींतून ऐकू येतात. विजेविषयी आणि चुंबकाविषयीही असेच बोलले जाते. हा आनंद स्वाभाविक आहे. परंतु तो खऱ्या पायावर उभा आहे की नाही, हे पाहणे अगत्याचे आहे. देवाची स्तुती करण्याकरिता असत्याचा आधार घेतला तर ती स्तुती देवापर्यंत कशी पोहोचावी? म्हणून आज तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. वीज व चुंबक यांचे ज्ञान मनुष्यास कसे प्राप्त झाले? अनेक विश्वांविषयी जे बोलले जाते त्याची योग्यता काय? आणि या दोहोंचे आपल्या श्रद्धेशी नाते कोणते?

ज्ञान खरे की खोटे हे कशावरून ठरवावे, याचा ऊहापोह आपल्या दर्शनकारांनी फार बारकाईने केलेला आहे. सांख्यांनी प्रत्यक्ष, अनुमान आणि आप्तवचन अशी तीन प्रमाणे मानली. नैयायिकांनी त्यांत उपमानाची भर घालून चार मानली. अनुमानाचे त्यांचे नेहमीचे उदाहरण बहुतेकांस ठाऊक आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे. परंतु असे अनुमान करण्याचा अधिकार आपणास कोठून मिळाला? स्वयंपाकघरातून! चुलीपाशी धूर आणि अग्नी एकत्र असलेले आपण वारंवार पाहिलेले असतात. जेथे अग्नी नाही अशा तळ्यात धूर कधी पाहिलेला नसतो. या नित्य साहचर्यालाच नैयायिक 'व्याप्ती' म्हणतात. ज्याने चूल कधी पाहिलीच नाही, त्यास डोंगरावरच्या धुरावरून काहीच सांगता यावयाचे नाही. ही चुलीची खूण वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता विजेकडे वळू. तृणमणी लोकरीवर घासला असता वाळलेल्या गवताच्या काड्या ओढून घेतो, आणि लोहचुंबक लोखंडास ओढतो, या दोन गोष्टी मनुष्यास फार प्राचीन काळापासून माहीत होत्या. परंतु त्या दोन निराळ्या शक्ती आहेत असेच शेकडो वर्षे मानले गेले. १८२० साली कोपनहेगन येथील ओर्स्टेड नावाच्या प्राध्यापकाच्या पाहण्यात असे आले की, तारेतून विद्युत्प्रवाह सोडला असता शेजारी ठेवलेली चुंबकसूची आपली दिशा सोडून वळते. प्रवाह थांबविला की पूर्ववत् उत्तरेस जाते. तारेत लोखंड नाही, चुंबक नाही. केवळ वाहणारी वीज आहे. तरीही सुई हलली! म्हणजे वीज चालू लागली की तिच्याभोवती चुंबकत्व उत्पन्न होते. जो कोणी तार आणि सुई घेऊन बसेल, त्यास हे दिसेल. युरोपातील ठिकठिकाणच्या विद्वानांनी काही महिन्यांतच तो प्रयोग करून पाहिला आणि प्रत्येकाची सुई हलली.

मग उलट प्रश्न उभा राहिला. विजेपासून चुंबकत्व होते, तर चुंबकापासून वीज होईल काय? याचे उत्तर मायकेल फॅरेडे यांनी दिले. हे गृहस्थ १७९१ साली लंडनजवळ एका लोहाराच्या घरी जन्मले. शालेय शिक्षण बेताचेच. चौदाव्या वर्षी एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे उमेदवारीस राहिले आणि बांधणीस आलेली पुस्तके वाचून वाचून शहाणे झाले. २९ ऑगस्ट १८३१ रोजी त्यांनी लोखंडाच्या एका कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळून प्रयोग केला. पहिल्या वेटोळ्यातील प्रवाह सुरू करताना किंवा बंद करताना दुसऱ्या वेटोळ्यात क्षणभर वीज उत्पन्न होई. मधल्या वेळी, प्रवाह एकसारखा वाहत असता, काहीच होत नसे. पुढे त्यांनी वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर सरकवून पाहिला. चुंबक हलत असेतो वीज. चुंबक थांबला की वीज नाहीशी! स्वस्थ पडलेला चुंबक कितीही मोठा असला तरी उपयोग नाही. बदल हवा, गती हवी.

आपल्या घरातील दिवा आज याच एका नियमावर पेटतो. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली सोडून खोपोली येथे टाटांनी १९१५ साली वीज निर्माण करण्यास आरंभ केला व ती मुंबईच्या गिरण्यांस पुरविली. तेथे काय घडते? पडणारे पाणी चक्र फिरविते, चक्राबरोबर जनित्र फिरते, चुंबक आणि तारांची वेटोळी एकमेकांसमोरून सतत सरकत राहतात आणि तारांत वीज उत्पन्न होते. कोळशाच्या केंद्रात पाण्याऐवजी वाफ चक्र फिरविते, एवढाच भेद. नदीचे पडणे, चुंबकाचे फिरणे आणि गाभाऱ्यातील दिव्याचे उजळणे ही एकाच साखळीची कडी आहेत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळांची कल्पना अशी की, नळातून पाणी यावे तसे विजेचे कण वीजकेंद्रापासून निघून आपल्या दिव्यापर्यंत धावत येतात. तसे नाही. तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन नावाचे ऋणभारित कण आधीपासूनच भरलेले असतात. आपल्या घरगुती विजेत प्रवाहाचे वळण सेकंदाला पन्नास वेळा पुढे व पन्नास वेळा मागे होते; त्यामुळे प्रवाहाच्या योगाने हे कण सरासरीने केसाच्या जाडीइतकेही सरकत नाहीत, जागच्या जागी डोलत राहतात. तरी बटण दाबताच दिवा लागतो, तो कसा? तारेभोवती जे विद्युत्क्षेत्र व चुंबकक्षेत्र पसरलेले असते, त्याच्या द्वारे ऊर्जा येते, आणि तिचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास असतो.

'क्षेत्र' हा शब्द महत्त्वाचा आहे. चुंबकावर कागद ठेवून त्यावर लोखंडाचा कीस पसरला आणि कागदास हलकेच टिचकी मारली, तर किसाच्या सुंदर वक्र रेषा उमटतात. चुंबकाचा प्रभाव चुंबकाच्या लोखंडातच कोंडलेला नाही. भोवतालच्या अवकाशात तो पसरलेला आहे, हे त्या रेषा दाखवितात. फॅरेडे यांच्या मनात ही कल्पना दृढ झाली, परंतु त्यांस उच्च गणित येत नव्हते. ते काम स्कॉटलंडच्या जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी केले. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखविले की, बदलते विद्युत्क्षेत्र चुंबकक्षेत्रास जन्म देते आणि बदलते चुंबकक्षेत्र विद्युत्क्षेत्रास. अशा रीतीने एकमेकांस जन्म देत ही जोडी लहरीच्या रूपाने अवकाशातून पुढे जाऊ शकते. त्या लहरीचा वेग त्यांनी केवळ विजेच्या व चुंबकाच्या मोजमापांवरून काढला. आणि तो प्रकाशाच्या वेगाशी जवळजवळ तंतोतंत जुळला! सेकंदाला सुमारे ३ लक्ष किलोमीटर. याचा अर्थ एवढाच होऊ शकत होता की, प्रकाश म्हणजे दुसरे तिसरे काही नसून विद्युत् आणि चुंबक यांची संयुक्त लहर होय.

हे झाले अनुमान. परंतु मॅक्सवेल यांच्या शब्दावर जगाने विश्वास ठेवला नाही, पाहिले. जर्मनीतील हाइनरिश हर्ट्झ यांनी १८८७-८८ च्या सुमारास ठिणगी पाडून अशा अदृश्य लहरी निर्माण केल्या व काही अंतरावर त्या पकडून दाखविल्या. त्यानंतर दशकभराच्या आतच जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात अशाच लहरींच्या साहाय्याने दूरची घंटा वाजवून दाखविली. मध्ये तार नाही, दोरी नाही, आणि घंटा वाजली! आज खेड्यापाड्यांतील मुलाच्या हाती असलेला दूरध्वनी हेच काम क्षणोक्षणी करीत असतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची दुर्बीण आहे. ती आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपते. त्या लहरीदेखील प्रकाशाच्याच भगिनी होत.

या बलाचा महिमा किती सांगावा! दोन प्रोटॉन परस्परांस विजेच्या बलाने जितके दूर लोटतात, त्याच्या तुलनेत त्यांचे गुरुत्वाकर्षण इतके क्षीण आहे की, एकावर छत्तीस शून्ये द्यावीत तेव्हा ते प्रमाण निघते. तरी दैनंदिन व्यवहारात आपणास गुरुत्वच अधिक जाणवते. कारण धन आणि ऋण भार पदार्थात समसमान असून एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात. अणू एकत्र धरून ठेवणारे बल हेच. दूध नासणे, लाकूड जळणे, रक्तात प्राणवायू मिसळणे, मज्जातंतूंतून संवेदना जाणे, हे सर्व याच बलाचे व्यापार. पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या लोखंडाच्या अभिसरणातून जे चुंबकक्षेत्र निर्माण होते, ते होकायंत्रास दिशा देते आणि सूर्यापासून येणाऱ्या भारित कणांचा मोठा भाग बाजूस वळविते.

वीज आणि चुंबक यांचे प्रकरण येथपर्यंत का सांगितले? कारण अनेक विश्वांचा प्रश्न याच प्रकाशाच्या वाटेने आपल्या दाराशी येतो. विश्वासंबंधी आपणास जे काही कळते, त्याचा फार मोठा भाग विद्युच्चुंबकीय लहरींनी आणलेला निरोप होय. हा दूत वेगवान आहे, परंतु त्याचा वेग अमर्याद नाही. विश्वाचा आजचा विस्तार सुरू होऊन सुमारे १३८० कोटी वर्षे झाली. तेवढ्या काळात जेथून प्रकाश आपणापर्यंत येऊ शकला, तेवढेच आपणास दिसणार. मधल्या काळात अवकाश स्वतः प्रसरण पावत गेल्याने, त्या दृश्य मर्यादेचे आजचे अंतर प्रत्येक दिशेस सुमारे ४६०० कोटी प्रकाशवर्षे भरते. १९६५ साली पेन्झियास व विल्सन यांनी प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणातून जी मंद लहर सर्व आकाशातून येताना आढळली, ती विश्वाचे वय सुमारे ३ लक्ष ८० हजार वर्षे असताना निघालेली आहे. प्रकाशाच्या द्वारे याहून मागचे पाहता येत नाही. समुद्रकाठी उभे राहिले असता क्षितिज दिसते, परंतु क्षितिजाशी समुद्र संपतो असे कोणी म्हणत नाही. तद्वतच दृश्य विश्वाच्या सीमेपाशी विश्व संपते असे मानण्यास कारण नाही. मग पलीकडे काय?

येथून तर्काचा प्रांत सुरू होतो, आणि 'अनेक विश्वे' या एका नावाखाली निरनिराळे तर्क एकत्र कोंबले जातात. पहिला तर्क साधा आहे: क्षितिजापलीकडेही असेच अवकाश पसरलेले असावे, आणि जे भाग एकमेकांस कधी पाहू शकत नाहीत, त्यांस निरनिराळी विश्वे म्हणावे. दुसरा याहून धाडसी. आरंभी विश्व अत्यंत अल्प काळात प्रचंड वेगाने फुगले असावे, ही कल्पना ॲलन गूथ यांनी १९८१ साली मांडली. पुढे व्हिलेंकिन आणि लिंडे यांनी असे दाखविले की, या कल्पनेच्या अनेक प्रकारांत ते फुगणे सर्वत्र एकाच वेळी थांबत नाही. उकळत्या पाण्यात बुडबुडे यावेत तशी विश्वे उत्पन्न होत राहतात. तिसरा तर्क अगदी वेगळ्या मुळातून निघालेला आहे. १९५७ साली ह्यू एव्हरेट या तरुण अमेरिकन संशोधकाने अणुजगताच्या गणिताचा असा अर्थ लावला की, जेथे एकाहून अधिक परिणाम संभवतात तेथे ते सर्वच घडतात. प्रत्येक आपापल्या शाखेत.

हे तर्क मांडणारे लोक थोर गणिती आहेत, आणि त्यांच्यापाशी कारणे आहेत. एक कारण विजेशीच निगडित आहे. विद्युच्चुंबकीय बलाची तीव्रता दर्शविणारा एक शुद्ध अंक आहे; तो सुमारे एक भागिले १३७ इतका आहे. हा अंक हाच का, हे कोणत्याही सिद्धांतातून आजवर निघालेले नाही. तो मोजावाच लागतो. तो फार निराळा असता तर अणूंची घडण, रसायनांचे व्यवहार आणि ताऱ्यांचे जळणे आजच्यासारखे राहिले नसते, आणि हा अंक मोजावयास कोणी जिवंत प्राणीही नसता. यावर काही जण म्हणतात: असंख्य विश्वे असतील, प्रत्येकात हा अंक वेगळा असेल, ज्या विश्वात जीवन शक्य आहे तेथेच आपण असणार, यात नवल ते काय? १९८७ साली स्टीव्हन वाइनबर्ग यांनी याच विचारसरणीने रिक्त अवकाशाच्या ऊर्जेविषयी अंदाज केला होता की, ती अत्यल्प असावी, परंतु शून्य असण्याचे कारण नाही. आणि १९९८ साली विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे आढळून आले, तेव्हा त्या अंदाजास बळ मिळाले. उलट बाजूने काही भाविक म्हणतात: हा अंक इतका नेमका बेतलेला आहे, म्हणजे बेतणारा असलाच पाहिजे, ईश्वर सिद्ध झाला!

आता चुलीची खूण आठवावी. धुरावरून अग्नीचे अनुमान करावयाचे तर धूर व अग्नी एकत्र असलेले पूर्वी पाहिलेले असावे लागतात. आपण विश्वे किती पाहिली? एक! विश्वे कशी निपजतात, त्यांत कोणते अंक येतात, याची चूल आपण पाहिलेली नाही. म्हणून एका विश्वावरून अनंत विश्वांचे अनुमान करणारा आणि त्याच एका विश्वावरून घडविणाऱ्याचे अनुमान करणारा, हे दोघेही व्याप्तीवाचून बोलत असतात. दोघांपैकी कोणी चुकीचाच आहे असे यावरून ठरत नाही. परंतु 'सिद्ध झाले' हा शब्द दोघांसही वापरता यावयाचा नाही.

शास्त्रज्ञ हे स्वतः जाणतात. बुडबुड्यांसारखी दोन विश्वे एकमेकांवर आदळली असती तर आकाशातील त्या प्राचीन मंद लहरीत वर्तुळाकार खुणा राहिल्या असत्या, असा विचार करून काहींनी त्या शोधल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका तपासणीत निर्णायक पुरावा मिळाला नाही. एव्हरेट यांच्या शाखांविषयी तर अडचण अधिक; कारण त्यांचे गणित प्रयोगात तेच उत्तर देते जे जुना अर्थ देतो. म्हणून अनेक विश्वांस शास्त्र म्हणावे की तत्त्वचिंतन, यावर भौतिकशास्त्रज्ञांतच मतभेद आहेत.

तथापि आज अनुमान आहे ते उद्या प्रत्यक्ष होणारच नाही, असेही म्हणू नये. देवयानी नक्षत्रात दिसणारा अंधुक ढग आपल्याच आकाशगंगेतला आहे की बेटाप्रमाणे वेगळे असे दुसरे विश्वच आहे, यावर १९२० साली वॉशिंग्टन येथे दोन ज्योतिर्विदांचा जाहीर वाद झाला. निकाल वादाने लागला नाही. १९२३ साली एडविन हबल यांनी मोठ्या दुर्बिणीतून त्या ढगात एक विशिष्ट प्रकारचा रूपविकारी तारा ओळखला, त्यावरून अंतर मोजले आणि तो ढग आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेर असल्याचे निश्चित झाले. आजच्या मोजमापाप्रमाणे ते अंतर सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे आहे. जोपर्यंत मोजता येत नव्हते तोपर्यंत तर्क होता. मोजले, आणि ज्ञान झाले. विजेच्या बाबतीत हलणारी सुई, प्रकाशाच्या बाबतीत हर्ट्झची ठिणगी, देवयानीच्या बाबतीत तो एक तारा. अनेक विश्वांच्या बाबतीत अशी हलणारी सुई अद्याप सापडलेली नाही.

मग आपल्या ग्रंथांत जी अनंत ब्रह्मांडे आहेत, त्यांचे काय? भागवताच्या दशमस्कंधातील प्रसंग आठवा. ब्रह्मदेवाने श्रीकृष्णाची परीक्षा पाहण्याकरिता गोकुळातील वासरे आणि गोपबालक लपवून ठेवले. श्रीकृष्णाने स्वतःच त्या सर्वांची रूपे घेतली आणि वर्षभर कोणास पत्ता लागला नाही. ब्रह्मदेव परत येऊन पाहतो तो थक्क! त्यानंतर तो जी स्तुती करतो तीत तो म्हणतो त्याचा भावार्थ असा: एका ब्रह्मांडरूपी घटात सात वितींच्या देहाने राहणारा मी कोठे, आणि झरोक्यातून धूलिकण जावेत तशी अगणित ब्रह्मांडे ज्याच्या रोमरंध्रांतून ये-जा करतात तो तू कोठे!

सज्जनहो, येथे अनेक ब्रह्मांडे कोणाच्या मुखातून आणि कशासाठी आली आहेत, ते नीट पाहा. सृष्टीचा कर्ता म्हणविणाऱ्याच्या मुखातून, आणि त्याचा अभिमान गळून पडला त्या क्षणी. तेथे व्यासांना खगोलाचे गणित सांगावयाचे नाही. 'मी मोठा' हा भाव कसा वितळतो ते दाखवावयाचे आहे. योगवासिष्ठात लीला राणीस जगाच्या आत जग दिसते, तेही दृश्य जगाविषयीचा तिचा दृढ ग्रह सुटावा म्हणून. आणि आपण काय करतो? ज्या कल्पनेने ब्रह्मदेवाचा अभिमान गेला, त्याच कल्पनेचा आधार घेऊन 'हे आम्हांस आधीच ठाऊक होते' असा अभिमान धरतो! औषध घेऊन रोग वाढवावा, तशातला हा प्रकार होय. ज्या वचनाने मस्तक लवावयाचे, त्या वचनाने मान ताठ झाली, तर वचन मुखात राहिले आणि अर्थ हातचा गेला.

यात आणखी एक हानी आहे, आणि माझ्या वयाच्या मुलांकडे पाहून ती मला विशेष जाणवते. घरातील मुलगा किंवा मुलगी मंदिरात ऐकते की, वीज, विमान, अनेक विश्वे सर्व आमच्या पोथ्यांत होते. पुढे महाविद्यालयात ओर्स्टेड, फॅरेडे, मॅक्सवेल यांच्या परिश्रमांचा इतिहास समोर येतो. सुई कोणी हलविली, गणित कोणी केले, हे कळते. मग त्या मुलास वाटते की, मंदिरात ऐकलेली ही गोष्ट खोटी, तर मंदिरात ऐकलेल्या इतर गोष्टीही तशाच असतील. दया, सत्य, संयम, नामस्मरण यांविषयी जे ऐकले तेही त्या एका खोट्या दाव्याबरोबर वाहून जाते. देवास आधार देण्याकरिता आपण उभी केलेली काठीच मुलाच्या श्रद्धेस अडखळविते.

याउलट प्रामाणिक मनुष्य कसे बोलतो, ते पुन्हा फॅरेडे यांच्याच चरित्रात पाहावे. हे गृहस्थ आपल्या ख्रिस्ती पंथाचे निष्ठावंत उपासक होते. सृष्टीतील सर्व बले एकाच मुळाची असावीत, असा त्यांचा दृढ विश्वास होता. वीज आणि चुंबक यांचे नाते त्यांनी दाखविलेच होते. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचेही नाते असले पाहिजे, असे त्यांस मनापासून वाटे. १८४९ साली त्यांनी त्यासाठी प्रयोग आरंभिले. तारांची वेटोळी आणि जड वस्तू उंचावरून खाली सोडून, पडण्याने वीज उत्पन्न होते काय, ते पाहिले. काहीच हाती लागले नाही. त्यांनी हे अपयश लपविले नाही. शास्त्रीय निबंधात प्रसिद्ध केले, आणि त्याच्या शेवटी दोन गोष्टी स्पष्ट नोंदविल्या. प्रयोगांनी असे नाते सिद्ध झालेले नाही, ही एक. आणि तरीही नाते असावे ही आपली भावना ढळलेली नाही, ही दुसरी.

ही दोन वाक्ये एकाच मुखाने, एकाच श्वासात बोलता येणे, यास मी सत्यनिष्ठा म्हणतो. 'मला वाटते' आणि 'मला कळले' यांतील भेद त्यांनी पुसला नाही. भावना आहे म्हणून पुराव्याचा देखावा केला नाही. पुरावा नाही म्हणून भावना टाकूनही दिली नाही. भाविकाने याहून निराळे काय करावयाचे आहे? 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' म्हणताना आपण एक मोजलेली संख्या सांगत नाही. ज्याच्यापुढे आपल्या सर्व संख्या खुंटतात त्यास नमस्कार करतो. त्या नमस्काराला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची आवश्यकता नाही. उद्या अनेक विश्वांचा पुरावा मिळाला तर नमस्कार मोठा होणार नाही; उद्या तो तर्क खोटा ठरला तर नमस्कार लहान होणार नाही.

तेव्हा मुलांनी वीज म्हणजे काय असे विचारले, तर त्यांस होकायंत्र, बॅटरी आणि हातभर तार आणून द्यावी. सुई हलताना त्यांचे त्यांस पाहू द्यावे. अनेक विश्वे आहेत काय असे विचारले, तर "असावीत असा काही विद्वानांचा तर्क आहे, अजून कोणी पाहिलेली नाहीत," असे स्वच्छ सांगावे. आणि देव आहे काय असे विचारले, तर जे आपले अंतःकरण सांगते ते सांगावे; त्यास विजेचे किंवा एकशे सदतीस या अंकाचे प्रमाणपत्र जोडू नये. कीर्तनकारांनी व प्रवचनकारांनीही बोलताना हे प्रत्यक्ष, हे अनुमान, हे आप्तवचन, अशी निवड करून बोलावे. त्याने पोथीची प्रतिष्ठा कमी होत नाही. बोलणाऱ्याची विश्वासार्हता मात्र वाढते.

आपल्या गाभाऱ्यात तेलाचा नंदादीप आणि विजेचा दिवा जवळजवळ तेवतात. एक फॅरेडे यांच्या नियमाने उजळतो, दुसरा भक्ताच्या हाताने. दोहोंचा प्रकाश निसर्गतः एकच, विद्युत् आणि चुंबक यांची तीच लहर. एकास दुसऱ्याचा हेवा नाही, एकास दुसऱ्याची साक्ष नको. दोन्ही मिळून मूर्तीचे मुख दिसावे, एवढेच त्यांचे काम. ज्ञान आणि श्रद्धा आपल्या घरांतून अशाच शेजारी नांदोत, आणि आपल्या वाणीस खरे तेवढेच बोलण्याचे बळ लाभो, हीच प्रार्थना.

श्रीकृष्णार्पणमस्तु.